अकरा हजार चारशे पांढऱ्या पेशी

ती. कमलाक्का,

पिठाची गिरणी एक, डोशाच्या पिठाचे ग्राइंडर सतरा, गच्चीचा लोखंडी जिना (तेवीस पायऱ्या, एकही डुगडुगत नाही), हे सगळं कॉलेजचं तोंडही न पाहता ज्याने या दोन हातांनी बनवलं, त्या तुझ्या धाकट्या भावाचा राजाजीनगरहून वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? सकाळी डोळ्यांखाली किंवा पायांवर सूज येते का? रीत म्हणून विचारत नाही, खरंच विचारतोय. पण आधी मला बसलेला धक्का ऐक.

तुला ठाऊकच आहे, दर वाढदिवसाला मी रक्त तपासतो. थेट लॅबमध्ये जाऊन, आणि फक्त पांढऱ्या पेशी. (एका नटासाठी पान्यांचा अख्खा संच कशाला घ्यायचा, असं माझं मत होतं. होतं.) या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक, हे मी स्वतः वाचून काढलेलं, तेव्हा जितके जास्त तितके बरे. पाच वर्षांत नऊ हजार दोनशेवरून अकरा हजार चारशे! शेजारी छापलेली अकरा हजारांची मर्यादा घाबरटांसाठी असणार, असं धरलं. एक मिलिमीटरला शंभर पेशी या प्रमाणात ग्राफ काढला, फ्रेम करून वर्कशॉपमध्ये लावला, म्हैसूरपाक वाटला. आमच्या लेथवरच्या यल्लाप्पाच्या सहा हजार दोनशेच निघाल्या, तर त्याला चारचौघांत म्हटलं, "आता तरी नीट जेवत जा."

मे महिन्यात बोट कापलं. टाके घालायला कोपऱ्यावरच्या डॉक्टर भव्याकडे गेलो, तेव्हा ग्राफचा फोटोही दाखवला.

"अण्णा, ताप नाही, जखम नाही, तरी दर वर्षी वाढतंय?"

"काहीच नाही!" मी छाती काढून म्हणालो.

"गल्लीत पाच वर्षं पोलिसांची व्हॅन उभी असेल, तर गल्ली सुरक्षित म्हणाल? दुखण्यासाठी काही घेता?"

"कंबरेसाठी रोज एक गोळी. अकरा वर्षं. एक दिवस चुकवली नाही." (इथे मला शाबासकी अपेक्षित होती.)

"स्वल्प, थोडं बसा," म्हणाली, आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या लिहू लागली.

अक्का, क्रिएटिनिन एक पूर्णांक आठ दशांश! मूत्रपिंडांचं काम शंभरातलं जेमतेम चव्वेचाळीस! तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेच. जुनाट आजार, तिसरी पायरी. यंत्र निम्म्याहून कमी ताकदीवर चालतंय आणि आवाज नाही, वास नाही, तापणं नाही! असं यंत्र मी गिऱ्हाइकाला दिलं असतं तर त्याने मला दुकानात घुसून धरलं असतं. भव्या म्हणते, पांढऱ्या पेशींनी किडनी खाल्ली असं नव्हे. पण सतत वाढलेल्या पेशी आणि किडनीचा जुना आजार पुष्कळदा बरोबर आढळतात. आत कुठेतरी दाह धुमसतोय, याची ती खूण असू शकते. खूण, अक्का! आणि मी खुणेला फ्रेम केली!

कंबरेच्या गोळ्या बंद (अकरा वर्षं किडनीवर मारा त्यांचाच, असं भव्या म्हणते), मीठ मोजून. तुझी भावजय म्हणते, "अजून एक खिळा ठोका, किडनीचा ग्राफही लावू." आणि तो सहा हजार दोनशेवाला यल्लाप्पा मला पाहून शीळ थांबवतो आणि म्हणतो, "सर, तुम्ही बसा, मी उचलतो." हे सगळ्यात असह्य आहे.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
रघुनंदन

ता.क. : तुझ्या गुडघ्यांसाठी सहा वर्षं मी दर दिवाळीला हरिहरला जो डबा पाठवतो, त्यातल्या गोळ्या याच. आजपासून एकही घेऊ नकोस. उद्याच डॉक्टरकडे जा, क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं तपासून घे. तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा हवापाण्याचं विचारून ठेवला, म्हणून हे पत्र.

आणखी ता.क. : चार वर्षांपूर्वी आपल्या संहिताने बेळ्ळंदूरच्या ऑफिसातून सवलतीत संपूर्ण तपासणी देऊ केली होती, किडनीसकट, वडील आणि आत्या दोघांची. "अक्का ठणठणीत आहे," असं तुला न विचारताच सांगून मी ती तुझ्याही वतीने नाकारली. दोघांचे मिळून दोन हजार सहाशे रुपये. तेही तीच भरणार होती.