मामा तलावाचा इतिहास

१२ जानेवारी १९५४
कचेरीचा कागद आला! कोतवाल नानाजींनी आणला. ‘मा. मा. तलाव व गाव यांचा इतिहास कळवावा.’ (मधे शाईचे ठिपके – कारकुनाचा टाक गळतो वाटतं!) तलावातल्या मासेमारीचा लिलाव करायचा की ती गावच्या ढिवर कोळ्यांकडेच ठेवायची, हे त्यावरून ठरणार. म्हणजे वीस घरांच्या चुली माझ्या हातात. आणि मला इथल्या शाळेवर येऊन जेमतेम तीन महिने! नानाजींना विचारलं, “हा मामा कोण हो?” ते डोकं खाजवत निघून गेले.

१३ जानेवारी
नथ्थू पाटील छातीवर हात ठेवून म्हणाले, “माह्या आज्याचा मामा. त्यानंच खोदला.” मासे कोणाचे? “ते ढिवरायचेच. आमाले कुठी येते जाळं टाकाले!”

१४ जानेवारी
ढिवरांची म्हातारी गोकुळाबाई उसळलीच. “पाटलाचा मामा? अजी, मामा आमचा! तलावाच्या पाळीवर वाघासंगं बसून बिडी ओढे. मासे तवापासून आमचेच.” वाघ बिडी ओढत होता का, हे विचारायचं राहिलं.

१६ जानेवारी
नानाजींचा मामा राक्षस निघाला. तलाव एका दमात खोदला, मासे ढिवरांना दिले आणि जेवायला गेला! सुताराचा मामा तर काशीहून आलेला; मासे त्यानेही ढिवरांनाच दिलेले. चार घरं, चार मामा. या गावाला खऱ्याचं वावडंच आहे. चहा मात्र सगळीकडे गोड. चारही मामा लिहून पाठवले.

२२ जानेवारी
कचेरीचे साहेब आले. पोट धरून हसले. “गुरुजी, मा. मा. म्हणजे माजी मालगुजारी! मालगुजारांची जमीनदारी गेली, तलाव सरकारचा झाला.”
मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या अडाणीपणापायी वीस घरं उघड्यावर येणार. गोकुळाबाई वाटेत दिसली, तर मी रस्ता बदलला.

२९ जानेवारी
कचेरीचा हुकूम आला: ‘मामांविषयी एकमत नाही. परंतु मासे ढिवरांचेच, असे चौघेही सांगतात. सबब लिलाव रद्द.’ तीनदा वाचलं. डोळ्यांत पाणीच आलं.

३० जानेवारी
गोकुळाबाई मरळ मासा घेऊन आली. मी मामाच्या घोळाची माफी मागितली.
“मामा म्हंजे मालगुजारी, हे आमाले मालूम होतं, गुरुजी. तुमी मामा कोण म्हून इचारता, हे नानाजीनं सांगतलं तवाच पाटलाच्या ओसरीत बसून ठरवलं – मामा ज्याचा त्यानं सांगावा, मासे मात्र सगळ्यायनं ढिवरायचेच सांगाचे. सारंच सारखं सांगतलं असतं, तं साहेबाले खोटं नसतं वाटलं?”