शेवटच्या कडव्यातली रिकामी जागा

प्रिय फुलाताई,

जय भीम. आधी काय झालं ते क्रमानं लिहिते.

१. येत्या रविवारी तुमचा पहिला स्मृतिदिन आहे. कार्यक्रम अकोल्याला, विहाराच्या पटांगणात, संध्याकाळी.
२. शेवट तुमच्या शेवटच्या गाण्यानं करायचा, असं श्रोते मंडळानं ठरवलं आहे.
३. ते गाणं एकदाच ध्वनिमुद्रित झालं, अमरावतीला माझ्या खोलीत. मंचावर ते कधी गेलंच नाही.
४. त्याच्या शेवटच्या कडव्यात कवीच्या नावाची जागा रिकामी आहे.
५. ते गाणं मी म्हणणार, असं मंडळानं जाहीर केलं. मला विचारलं नाही.
६. नावाच्या जागी काय म्हणायचं ते मला माहीत नाही.

सहावा मुद्दा नसता तर हे पत्र लिहिलं नसतं. मी पत्र लिहिणारी नाही. तुम्ही असताना तुमच्याशी धड दोन वाक्यं बोलले नाही, आणि आता काय पानं भरायची?

तुमचं श्रोते मंडळ अजून चालू आहे, म्हणजे भांडण चालू आहे. सकाळी फोन उघडला की गवईकाकांचा निरोप आलेला असतो. एसटीची ड्रायव्हरकी संपली, पण माणूस अजून गाडी हाणल्यासारखाच बोलतो. "तेल्हाऱ्याच्या कार्यक्रमावानी कार्यक्रम झाला नाई अन् होनार नाई. ज्याले पटत नसन त्यानं घरी बसावं." की लगेच अचलपूरहून विमलकाकू: "काका, तुमी तेल्हाऱ्याले पुढच्या खुर्चीवर बसले व्हते म्हनून. परतवाड्याचं ऐकलं कुठी तुमी?" फुलांच्या गाडीवर हार ओवता ओवता त्या हे बोलून पाठवतात. मागं गिऱ्हाईक झेंडूचा भाव विचारत असतं आणि काकू त्याला थांबवून परतवाड्याची बाजू मांडत असतात.

दोन्ही कार्यक्रमांना मिक्सरवर मी होते. मला कोणी विचारत नाही. विचारलं असतं तर मी परतवाडा म्हटलं असतं.

पण सुरुवात तेल्हाऱ्याची. जयंतीचा कार्यक्रम होता आणि मी पहिल्यांदाच तुमच्या पार्टीसाठी आवाज लावत होते. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी नवी होती आणि गर्वही नवा होता. तुम्ही मंचाच्या कडेला पाय सोडून शेंगा फोडत बसला होता. मी माईक तपासत होते. नुसतं 'हॅलो हॅलो' म्हणून माईक कळत नाही. त्याला 'प' आणि 'फ' द्यावे लागतात, म्हणजे फुंकर किती लागते ते समजतं. 'स' आणि 'श' द्यावे लागतात, म्हणजे शिट्टी किती येते ते समजतं. त्यासाठी मी एक ओळ करून ठेवली होती:

पऱ्हाटी फुटली, पांढरं शिवार, सावलीस जागा कुठं?

तुम्ही शेंग फोडायची थांबलात. "ही लाईन कोनाची व्हय वं?"

"कोणाची नाही. माईक तपासायची आहे."

"अवं बाई! माईकले एवढी चांगली लाईन, अन् मानसाईले हॅलो हॅलो?"

पार्टी हसली. सलीमभाई तर ढोलकीवर थाप देऊन हसले. मी केबल गुंडाळायला निघून गेले. गुंडाळायची गरज नव्हती.

मग तुम्ही गायला लागलात, आणि माझं शिक्षण सुरू झालं. गायक आवाज चढवतो तेव्हा आमचा हात मिक्सरवर तयार असतो. आवाज फाटण्याआधी तो खाली ओढावा लागतो. माझा हात शेवटपर्यंत तयारच राहिला. तुम्ही तान घेताना आपोआप माईकपासून मागं सरकत होता, अगदी लागेल तेवढंच, आणि शब्द हळू आला की पुढं येत होता. मिक्सरवरचा लाल दिवा एकदाही लागला नाही. असं मी आधी पाहिलं नव्हतं. नंतरही पाहिलेलं नाही! कुठं शिकलात म्हणून विचारलं, तर म्हणालात, "आमच्या टाईमले एकच भोंगा व्हता पोरी. तो कोकलला का लोकं उठून जात. मंग काय करतं? आपूनच मांगं सरकाव."

गवईकाकांची तुमच्यावर एकच तक्रार होती आणि ती आजही आहे. "सोताची एवढी गानी असून बाई लोकाईची कायले गाये?" यावर मंडळात वाद झाला नाही असा आठवडा जात नाही. काकांच्या मते दुसऱ्यांची गाणी गाण्यात तुमचा वेळ फुकट गेला. विमलकाकूंच्या मते तुम्ही खऱ्या त्या गाण्यांतच दिसलात. तुम्ही स्वतः मंचावरून काय उत्तर दिलं होतं ते काका विसरतात, म्हणून मी त्यांना ती जागा कापून पाठवली: "काका, म्या आज लोकाईची गायली तवा कोनी उद्या माह्यी गाईन ना!" त्यावर काकांनी फक्त अंगठा पाठवला. तो कुठला अंगठा होता ते कळलं नाही.

आता परतवाडा. तिथं तुम्ही किसनदादांचं गाणं म्हटलंत. किसनदादा अचलपूरला जिनिंगमध्ये सरकी ओढायचे आणि गाणी करायचे. त्यांची एवढी एकच रचना उरली आहे. तुमच्या लहानपणी त्यांच्या तोंडून ऐकलेली, तीही तुम्हालाच पाठ. हल्ली पोरं जुनं गाणं उचलतात आणि शेवटच्या कडव्यातलं कवीचं नाव काढून आपलं घालतात. तुम्ही ते कधी केलं नाही. दुसऱ्याचं गाणं सुरू करण्याआधी त्याला मान म्हणून कानाची पाळी पकडायच्यात. शेवटच्या कडव्याला हात वर करायच्यात, पार्टी थांबायची, फक्त ढोलकीचा बारीक ठेका राहायचा. मग नाव यायचं. "किसन बोले..." त्यावर तान नाही, हरकत नाही. नुसता सरळ, उभा सूर, आणि तो सूर तुम्ही धरून ठेवलात. माझ्या कानावर हेडफोन होता आणि मी श्वास घ्यायची विसरले!

विमलकाकू सांगतात की त्यांच्या शेजारी एक बाई पदर तोंडाला लावून बसली होती. काकूंनी विचारलं, "काय झालं वं बाई?" तर म्हणाली, "माह्या बापाचं नाव घेतलं तिनं." किसनदादांची मुलगी. तिच्या बापाचं नाव तिनं रेशनकार्डाबाहेर पहिल्यांदाच ऐकलं होतं. तुम्हाला हे माहीत होतं का, ताई? ती बाई तुम्हाला न भेटताच गेली.

तुमची सगळी ध्वनिमुद्रणं मी या वर्षभरात साफ केली. भोंग्याची घरघर, लेकरांची रडारड, मध्येच कोणाचा तरी "ओ पंचफुलाबाई, ते आईचं गानं!" हे सगळं. ते ओरडणं मात्र काढलं नाही, राहू दिलं. आणि काम करताना एक गोष्ट लक्षात आली. तुमची स्वतःची गाणी सगळी घेतली. त्यांत 'फुला म्हणे' हे दोन शब्द तुम्ही एका आवर्तनाच्या आत उरकता, जवळजवळ लाजल्यासारखे. दुसऱ्याचं गाणं असेल तर त्याचं नाव दोन आवर्तनं धरता. याला एकही अपवाद सापडला नाही. मी शोधला. तुम्ही हे ठरवून करत होता? की तुम्हालाही माहीत नव्हतं?

आता शेवटचं गाणं. त्या दुपारी तुम्ही एकट्याच आलात, पार्टी नाही, ढोलकी नाही. "निशे, मशीन लाव. एक चीज घेऊन आली." जिना चढून आल्यामुळे पाणी मागितलंत. खुर्चीवर बसलात, टेबलावर बोटांनी ठेका धरलात आणि म्हणायला लागलात,

पऱ्हाटी फुटली, पांढरं शिवार, सावलीस जागा कुठं?

माझी माईक तपासायची ओळ. तिच्या मागं तुम्ही तीन कडवी उभी केली होती. कापूस वेचणारी बाई, तिच्या पदराच्या ओट्यातलं ओझं, बांधावर झोळीतलं लेकरू, आणि दर कडव्याशेवटी तोच प्रश्न. मी त्या ओळीत 'स' आणि 'श' मोजले होते. तुम्ही तिच्यात माणूस बसवला! मी मान वर केली नाही. मीटरकडे बघत राहिले, कारण मीटरकडे बघणं हे माझं काम होतं.

शेवटच्या कडव्यात नावाची जागा आली, आणि तुम्ही काहीच म्हटलं नाही. बोटांचा ठेका चालू राहिला. मग पुढची ओळ उचललीत आणि गाणं संपवलंत.

मी विचारलं, "नाव?"

"आताच कायले? मंचावर पाहू. चहा मांड."

चहा झाला. कार्यक्रम ठरायच्या आधीच तुमचं हृदय बंद पडलं. असं वागतात का, ताई? सगळं नीट बांधून द्यायचं आणि एक गाठ मोकळी ठेवून निघून जायचं?

मंडळात मी हे गाणं ऐकवलं तेव्हा पहिल्यांदाच दिवसभर कोणी भांडलं नाही. दुसऱ्या दिवशी काकांचा निरोप आला, "बाईचं नाव राह्यलं. दुसऱ्या गान्यातलं 'फुला म्हणे' काप अन् तिथी चिपकव. तुले तं येते ना?"

सलीमभाई म्हणाले, "काका, नाव चिपकवत नसतात. नाव गावं लागते. पोरीले गाऊ द्या. म्या आयकलं हाय तिले, तालमीत बाईच्या मागं गाये." झालं. मी नाही म्हणायच्या आत काकांनी पत्रिकेत माझं नाव छापलं.

चिकटवता येतं. मी करून पाहिलं. तेल्हाऱ्याचं 'फुला म्हणे' घेतलं, सूर आणि लय जुळवली. आलेखावर सांधा दिसत नव्हता. पण तेल्हाऱ्याला तुम्ही उभ्या होता, समोर गाव होतं. माझ्या खोलीत तुम्ही बसलेल्या होता, समोर मी होते. ते नाव दुसऱ्याच ठिकाणाहून येत होतं. एकदा ऐकलं आणि पुसून टाकलं.

मग ती रिकामी जागा मोजली. दोन आवर्तनं.

ताई, तुमच्या स्वतःच्या नावाला तुम्ही एवढी जागा कधीच ठेवत नव्हता. एवढी जागा तुम्ही फक्त दुसऱ्यासाठी ठेवायच्यात. आणि त्या गाण्यात दुसरं कोणी असेल तर ती फक्त मी आहे, ती एक ओळ. माझं नावही तिथं बसतं. 'फुला म्हणे', 'निशा म्हणे'. म्हणून पाहिलं, एकदाच, दार लावून.

हे मंडळात कोणालाही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते हक्क मागणं होईल, आणि पुरावा म्हणून माझ्याकडे काय आहे? शांतता आणि बोटांचा आवाज.

शिवाय विमलकाकूंनी परवा सहज म्हटलं, "तिले लय दम लागे शेवटी शेवटी. दोन पायऱ्या चढली का बसे." तेव्हापासून ती जागा मी पुन्हा पुन्हा ऐकते. बोटं एकदाही चुकलेली नाहीत. श्वास ऐकू येतो, पण माईक तुमच्यापासून जरा लांब होता. तो दमलेला श्वास आहे की थांबलेला, हे माझं कुठलंही यंत्र सांगत नाही. तुम्ही माझ्यासाठी जागा धरली होती, की फक्त दम खात होता? तुमच्या आवाजाचा कण न् कण मी ओळखते असं मला वाटायचं. जिथं तुम्ही गायलाच नाहीत, तिथं येऊन मी अडले!

रविवारचं मी असं ठरवलं आहे. पटांगणात फक्त खुर्च्या असतील तेव्हा मी माईक तपासेन, आणि तपासताना माझी ओळ साध्या आवाजात म्हणेन. 'प', 'फ', 'स', 'श'. सलीमभाई हसतील, हसू देत. ओळीला तेवढा मान पुरे आहे.

गाण्याआधी कान पकडेन. शेवटच्या कडव्याला हात वर करेन, पार्टी थांबेल. मग 'फुला म्हणे' म्हणेन, आणि तुमच्यासारखं घाईत उरकणार नाही. दोन पूर्ण आवर्तनं धरेन, सरळ, तानेशिवाय, तुम्ही किसनदादांना धरलंत तसं. तुमचं नाव तेवढं लांब कोणी अजून म्हटलेलं नाही, तुम्हीसुद्धा नाही. माझा दम पुरेल. रोज जिना चढून सराव करते आहे. हे वचन समजा.

ती जागा तुम्ही दुसऱ्या नावासाठी ठेवली असेल आणि या बेताला तुमची हरकत असेल, तर शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा. कसं कळवायचं ते तुमचं तुम्ही पाहा. त्यानंतर आलेलं उत्तर मला वापरता येणार नाही.

तुमची
निशा (मशीनवाली)
अमरावती