कडक भाकरीला तेलात बुडवणाऱ्या भावास

चि. गुरुशांत यास अक्काचे आशीर्वाद, पण अर्धेच. उरलेले, तू पाकिटावर काय छापून पाठवलंस त्याचा जाब दिलास की मग. डीप फ्राइड! अरे, आईच्या चुलीपुढं बसून कडक भाकरी कुडुम कुडुम खात वाढलास, तिनं भाकरीसाठी कढई चढवलेली कधी पाहिलीस का? (तब्येत बरी असेलच. फोनवर तू मधेच बोलतोस, म्हणून लिहून फोटो पाठवतेय.)

तर ऐक. पुण्याच्या दुकानवाल्या बाई काल घरी आल्या. पसंत पडलं तर दर महिन्याला माल उचलणार, म्हणजे मला, शेजारच्या मदिनाबीला आणि गल्लीतल्या बायकांना बारमाही काम! मी इतकी हरखले की चहात दोनदा साखर घातली. बाईंनी भाकरी तोंडाजवळ नेली, पाकीट वाचलं आणि भाकरी परत ताटात! म्हणाल्या, आमच्याकडे तळलेलं ठेवत नाही. मला काही कळेना. मदिनाबीच्या अरिबानं (कॉलेजात जाते) पाकिटावरच्या इंग्रजीचा अर्थ सांगितला, तसं माझं डोकंच फिरलं. मी भाकरी सरळ बाईंच्या पांढऱ्या ओढणीवर घासली. "बघा, तेलाचा डाग हाय का?" मदिनाबी ओरडली, "अगे, नवी ओढणी है उनकी!" पण डाग न्हाय म्हंजे न्हायच! बाई आधी दचकल्या, मग हसल्या, मग शेंगाचटणीसंगं दोन भाकऱ्या संपवल्या.

घेते म्हणाल्या की! पण पाकिटावर बरोबर शब्द पाहिजे. आता तो कुठला? अरिबा म्हणते रोस्टेड, बाई म्हणतात बेक्ड (म्हंजे खारीसारखं, आपल्याकडं भट्टी कुठाय?), त्यांचा ड्रायव्हर दारातनं म्हणतो टोस्टेड. मी म्हटलं, आधी तव्यावर भाजायची, मग मंद धगीला लावून कडक करायची, एवढ्याला तुमच्या इंग्रजीत एक शब्द न्हाय? तळणाला मात्र डीप काय, शॅलो काय, क्रिस्पी काय, क्रंची काय! त्या लोकांचा सगळा जीव कढईतच दिसतोय.

तुझी अक्का,
शिवलीला

ता. क. तळलेलं न ठेवणाऱ्या बाईंनी जाताना इथल्या आपल्या नवी पेठेत गाडी थांबवून गरम भजी खाल्ली. अरिबानं डोळ्यानं पाहिलं.

ता. क. दुसरा. तुझं डीप फ्राइड झाकायला पाकिटांवर पट्ट्या चिकटवल्यात. पट्टीवर तुझा मोबाइल नंबर आहे, 'कशी केली ते यांना विचारा'. टेम्पो सोमवारी सकाळी निघतो. गिऱ्हाइकांशी गोड बोल. बोलायचं नसेल तर रविवारी दुपारपर्यंत शब्द कळव, एकच, आणि या खेपेला कुणा जाणत्याला विचारून!