नऊ आऱ्यांचा तुंबा

मी, महादेव दाजी मोकल, वय वर्षे त्रेपन्न, धंदा बैलगाडीची चाके करणे, मूळचा रोडपालीचा, हल्ली राहणार पनवेल, जिल्हा कुलाबा, माझ्या मागची व्यवस्था आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही आणि मी पूर्ण शुद्धीवर आहे. हे वाक्य गुप्ते मास्तरांनी घालायला सांगितले. त्यांनी सांगितले नसते तरी मी घातलेच असते, कारण याआधी ज्या कागदांवर मी सही केली, त्यांतल्या एकावरही ते खरे ठरले नसते.

पोटात पाणी धरले आहे. डॉक्टर म्हणाले, दिवाळी निघेल. ती निघाली. 

१. राहते घर पत्नी चंद्रावतीचे. तिच्या हयातीत तिला कोणी 'ऊठ' म्हणू नये. ती दोनदा उरणला माहेरी गेली आणि दोनदा परत आली. का गेली ते सगळ्या आळीला ठाऊक आहे. परत का आली ते मला अजून कळलेले नाही आणि विचारायचे धाडसही झाले नाही. तिच्यासमोर मान वर करायला मला फार उशीर लागला, एवढे येथे नोंदवतो. तिच्या पश्चात घर मुलगा आनंदा याचे.

२. उत्तरेकडची पडवी मी धाकटा भाऊ बळीराम याला लिहून दिली, तेव्हा इतका प्यालो होतो की सही करताना दौत सांडली. बळीरामने पाजून लिहून घेतली, असे बारा वर्षे मी ज्याला त्याला सांगत आलो. पेला माझ्याच हाताने तोंडाला लावला होता, एवढे मात्र गाळत आलो. पडवी त्याच्याकडेच राहू द्यावी. आनंदाने कोर्टाची पायरी चढू नये.

३. हत्यारे सगळी आनंदाची. लाकूड तासायचा मोठा वाकस जपून वापरावा. सरकारने दारूबंदी केली त्या वर्षी मी दुप्पट प्यालो आणि त्याच वर्षी या वाकसाने माझ्या डाव्या पायाचा अंगठा गेला. वाकसाचा दोष नाही, धार उत्तम आहे.

४. कारखान्यात भिंतीला टेकून एक तुंबा, म्हणजे चाकाचा मधला गड्डा आहे, नऊ आरे बसवलेला. तो गिऱ्हाइकाला विकू नये. यंदा २ फेब्रुवारीला मी दारू सोडली. त्या दिवशी बाभळीचा तुंबा घेऊन त्याला बारा भोके पाडली. तेव्हापासून दर महिन्याच्या दोन तारखेला, महिना कोरडा गेला असेल तर, एक आरा ठोकतो. गेल्या साली असेच चार ठोकले होते. मग पुतण्याची हळद आली. हळदीला पेल्याला नाही म्हणणारा माणूस आमच्यात आजारी तरी असतो नाहीतर रुसलेला तरी. मी दोन्ही नव्हतो. दुसऱ्या दिवशी चारही आरे उपटले. चंद्रावतीने ते चुलीत घातले, त्यांच्यावर पाणी तापवले आणि मला आंघोळीला बसवले. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

५. कारखान्याच्या दारातले बाकडे काशिराम कोळी याला द्यावे. तो गेली सात वर्षे पीत नाही. माझी प्यायची वेळ दिवेलागणीची, हे त्याला माहीत. मी सोडली त्या पहिल्याच दिवशी तो फाटके जाळे घेऊन आला, बाकड्यावर बसला आणि म्हणाला, "मी जालं शिवतो, तू आरा तास. बोलायचं काय नाय." एक महिना आम्ही खरेच बोललो नाही. आरा माझ्या हातून सुटायचा, तो बघायचा नाही. वेळ टळली की जाळे खांद्यावर टाकून जायचा. नऊ महिन्यांत चार दिवस चुकला, तेही सून बाळंत झाली म्हणून. एवढी जाळी त्याच्याकडे फाटत असतील असे मला वाटत नाही.

६. हे कलम सर्वांनी नीट वाचावे. माझे दहावे तळ्याच्या काठी करावे. पिंडापाशी दारू ठेवू नये, थेंबभरही नाही.

मेलेल्याच्या आवडीचे ठेवायची आमच्यात रीत आहे. वीस वर्षांपूर्वी वडिलांच्या दहाव्याला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आले. बळीराम म्हणाला, "दादूस, बापाला पायजे ती वत ना." मी ओतली. उरलेली आम्ही सगळ्यांनी झाडाखाली नेऊन संपवली आणि तेवढ्यात कावळा शिवला. तेव्हापासून घरात पक्के झाले की मोकलांच्या पुरुषांना ती मेल्यावरही लागते, मग जिवंतपणी कशी सुटेल? मलाही ते खरे वाटले. सोयीचे होते.

काशिराम त्या दिवशी काठावर होता. यंदा श्रावणात जाळे शिवता शिवता तो म्हणाला, "कावला दारूला नाय आला, म्हादेव. तुमी समदे पिंडावर उबे होताव. झाडाखाली गेलाव म्हनून आला."

दुसरा सबंध दिवस मी काम केले नाही.

बळीराम माझ्या दहाव्याला बाटली आणील. प्रेमानेच आणील. पण तो एक पेला माझे नऊ महिने खोटे पाडील, आणि लोक म्हणतील, महादेवची सुटलीच नव्हती. मरणाची मला भीती नाही असे म्हणत नाही, पण याची जास्त आहे. म्हणून चहा ठेवावा, साखर जास्त घालून. मग सर्वांनी वीस पावले मागे सरावे आणि थांबावे. तरीही कावळा आला नाही तर दर्भाचा करून शिववावा आणि घरी जेवायला जावे.

७. बारा आरे होण्याआधी मी गेलो, तर बसवलेले आरे उपटून माझ्यासोबत सरणावर ठेवावेत. ते माझे आहेत, दुसऱ्याच्या हिशेबात धरू नयेत. रिकामा तुंबा बळीरामला द्यावा. त्याने घेतलाच पाहिजे असे नाही. घेतला, तर काशिरामने ते बाकडे त्याच्या पडवीत नेऊन ठेवावे.

याखेरीज मला काही सांगायचे नाही. वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली.

पनवेल, ता. ९ नोव्हेंबर १९५९

सही: महादेव दाजी मोकल

साक्षीदार:
१. दिनानाथ रघुनाथ गुप्ते, शाळामास्तर
२. काशिराम हिरू कोळी, निशाणी अंगठा

पुरवणी, ता. २ डिसेंबर १९५९

कलम ४ आणि ६ मध्ये नऊ लिहिले आहे तेथे दहा वाचावे. आज दहावा आरा बसवला. माझ्याने घाव घालवत नव्हता म्हणून लाकडी मोगरी काशिरामने मारली. आरा मी धरला होता. तुंबा हलू नये म्हणून बळीरामने तो दोन्ही पायांत दाबून धरला. त्याच्या तोंडाला वास होता. काम संपल्यावर तो काशिरामशेजारी बाकड्यावर बसला आणि दिवेलागण होऊन गेली तरी उठला नाही.

सही: महादेव दाजी मोकल
साक्षीदार: वरीलप्रमाणे दोघेही