अडतीस नंबरचा दिवा

४ फेब्रुवारी, मंगळवार

नाही लागला दिवा! एकही नाही!

दादाच्या हाडातल्या मगजाचा नमुना आज मशीनमधून गेला. सगळं नेहमीसारखंच — नळीत थेंबभर अँटिबॉडी, वर चंदेरी कागद, थोडा वेळ अंधारात, मग धुणं. ही अँटिबॉडी पेशीवरचं अडतीस नंबरचं प्रोटीन शोधून त्यालाच चिकटते. तिच्या पाठीवर रंग असतो, तो लेझरखाली उजळतो. प्रोटीन असलं की पडद्यावरचे ठिपके उजवीकडे सरकतात. दादाचे ठिपके डावीकडे गठ्ठा करून बसले. ढिम्म हलले नाहीत.

प्रोटीन नाही म्हणजे दादासाठी ठरवलेलं नवं इंजेक्शनही नाही. तेही याच प्रोटीनला धरून कॅन्सरच्या पेशी मारतं. धरायलाच काही नाही तर मारणार काय, डोंबल!

आमची लॅबप्रमुख — पाठीमागे आम्ही तिला फौजदार म्हणतो — सकाळीच बजावत होती, "घरच्याचा नमुना घरच्याने बघू नये." मी ऐकलं नाही. आता भोगतेय.

५ फेब्रुवारी

दादाला सांगितलं नाही. जेवण बाजूला सारून त्यानेच विचारलं, "काय गं धाकटे, लावलेस का दिवे?" म्हटलं, मशीन बिघडलंय. वहिनी मान खाली घालून भाजी निवडत होती. एकदाही वर बघितलं नाही तिने.

७ फेब्रुवारी

कदाचित बाटलीच खराब असेल. कुणीतरी उजेडात उघडी ठेवली असेल, रंग मेला असेल! नवी बाटली फोडली. शेजारच्या नळीत स्वतःचं रक्त घातलं, पारखायला.

माझ्या पेशी लख्ख उजळल्या. दादाच्या नाहीत. एकाच आईच्या पोटचे आम्ही. अँटिबॉडी चांगली, मशीन चांगलं, मी चांगली — आणि तो तसाच. बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

हे औषध दादासाठी मीच वाचून वाचून शोधलं होतं. त्याच्या शहरातले उपचार थकले, तेव्हा मीच हट्टाने दोघांना इथे, माझ्या घरी आणलं. पहिल्याच दिवशी चहा गाळता गाळता सगळं समजावून सांगितलं — कसं चिकटतं, कसं मारतं. दादा वहिनीकडे बघून हसला होता. "आण बाई तुझं औषध. तुझ्या हातचं विषही घेईन."

कशाला जीव टाकला मी त्या औषधावर!

१० फेब्रुवारी

दादाच्या डॉक्टरांना कळवलं. "अरेरे," म्हणाले. एवढंच.

११ फेब्रुवारी

काहीही नको वाटतं. आज दुसऱ्यांच्या नळ्यांवर उलटसुलट नंबर टाकले. फौजदाराने निमूटपणे पुसून पुन्हा लिहिले. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

१२ फेब्रुवारी

"रडून झालं असेल तर ऐक," फौजदार म्हणाली. त्याच प्रोटीनला दुसऱ्या बाजूने धरणारी एक वेगळी अँटिबॉडी असते. वरच्या मजल्यावर संशोधनवाल्यांकडे आहे, थोडी मागून आणते म्हणाली. "पुढचं दार लागलेलं असलं तर मागच्या दाराने बघायचं."

मेलेल्याला कशाला आणखी मारायचं? पण हो म्हटलं.

१४ फेब्रुवारी

लागला! लागला! सगळेच्या सगळे ठिपके उजवीकडे! प्रोटीन आहे, भरपूर आहे!

फौजदाराला मिठीच मारली. "एप्रन सोड माझा," म्हणाली. हसली मात्र नाही. तिला हसायला सवड कधी असते!

चपला हातात घेऊनच घरात पळत गेले. "दादा, दिवे लागले!" तो म्हणाला, "वा! लागलेच शेवटी!" आणि भिंतीकडे तोंड करून पडला. दमला असेल. वहिनी उठून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

आज किती दिवसांनी भूक लागली.

१५ फेब्रुवारी

फौजदाराने खुर्ची ओढून समोर बसवलं.

"पहिली अँटिबॉडी का चिकटली नाही, विचारलंस स्वतःला?"

तिने दोन्ही दिवसांचे आलेख माझ्यापुढे ठेवले.

"तिची जागा आधीच कुणीतरी अडवून बसलंय. तेच इंजेक्शन याने आधी घेतलंय का?"

"शक्य नाही! मीच तर शोधलं ते!" किती मोठ्याने ओरडले. बाकीचे बघायला लागले.

पण मला माहीत आहे हे. परक्याचा नमुना असता तर मी पहिल्या फटक्यात ओळखलं असतं. ते औषध महिनोन्‌महिने पेशीवर चिकटून राहतं, मग आमच्या अँटिबॉडीला जागाच उरत नाही. आणि ते चिकटून असूनही पेशी जिवंत असतील, वाढत असतील, तर —

नाही लिहिणार. आधी वहिनीला विचारते.

१६ फेब्रुवारी

वहिनी रडत बोलली. तिकडे पूर्ण कोर्स झाला होता. काही गुण आला नाही. "तू इतक्या आनंदाने सांगत होतीस गं. हे म्हणाले, राहू दे, मोडू नकोस तिचं. डॉक्टरांनाही सांगू दिलं नाही मला."

दादाच्या खोलीत गेले. जागाच होता.

"मग धाकटे, कधी देणार तुझं औषध?"

"सोमवारी," म्हटलं.

"बरं," म्हणाला आणि माझा हात धरून ठेवला.