खुरांचे ओरखडे

शनिवार, संध्याकाळ

उद्या सकाळी माझा बाप्तिस्मा, पाण्यात पूर्ण बुडवून. नदी आटली म्हणून पास्टरांनी मंडळीतल्या एकाचं शेततळं ठरवलं आहे. आज एकटाच जाऊन बघून आलो. काठापासून तळापर्यंत काळं प्लास्टिक, त्यावर शेवाळ. एका बाजूला खुरांचे ओरखडे. मागच्या उन्हाळ्यात वासरू पाणी प्यायला उतरलं, ते वर आलंच नाही.

येताना पास्टरांना विचारलं, "कमरेला दोर बांधू का?"

"अरे, पाण्यानं तारण होत न्हाई, विश्वासानं होतं. पाणी फक्त साक्ष. ख्रिस्ताबरोबर पुरलं जायचं, त्याच्याबरोबर उठायचं. मी धरतो ना तुला!"

"तुम्हाला पोहता येतं?"

"मला? बिलकुल न्हाई!" ते हसले. मीही हसलो.

विश्वासानेच तारण, हे मी मनापासून मानतो. मग दोर मागणं हा अविश्वास का? की न मागणं म्हणजे देवाची परीक्षा पाहणं? 'उडी टाक, देव झेलेल,' असं सैतानाने सांगूनही येशूने मंदिरावरून उडी टाकली नव्हती.

आईला माझा हा मार्ग पसंत नाही. तरी गोठ्यातला दोर तिनेच पिशवीत टाकला. "बांध. तुझा देव रागावला तर सांग, आईनं बांधला म्हणून."

ते ओरखडे डोळ्यांपुढून जात नाहीत. सगळे काठाच्या हातभर खाली थांबलेले.

दोराचं दुसरं टोक कोणाला द्यायचं? मी पाण्याखाली जाईन तेव्हा मंडळी डोळे मिटून प्रार्थनेत असेल. डोळे उघडे ठेवील अशी एकटी आई. आणि ती येणार नाही म्हणते.