बावीस सालच्या बाटल्या

कोल्हार,
घटस्थापनेचा आदला दिवस

प्रिय ज्ञानेश्वरी,

पत्र कुणाचं म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. मी झुंबरबाई, तुझ्या बापाची आई. कोल्हारच्या मळ्यात राहते, कडुलिंबाखालच्या घरात. लहानपणी तुझ्या डोक्यातल्या उवा मीच काढायचे. आता ओळख पटली असेल. मागच्या फोनला रविवारी करते म्हणालीस. कुठल्या रविवारी ते विचारायचं राहून गेलं, चूक माझीच. फोन न करता पत्र का, तर फोनवर माझं एक वाक्य पुरं व्हायच्या आत तुझी मीटिंग लागते. लिहून घेतेय तुझी वहिनी रेश्मा. मी ‘न्हाई’ म्हणते, ती ‘नाही’ लिहिते. माझं बोलणं धुऊन वाळत घालते. मी तिला बजावलंय, शब्द हवे तेवढे धू, मजकूर आटू देऊ नकोस.

इकडे सगळं ठीक. तांबड्या गायीला कालवड झाली. बिभीषणाचा गुडघा दुखतो, पण तुझा बाप डॉक्टरकडे जाईल तर शपथ. परवा नगरला जाऊन आला. दवाखाना रस्त्यात लागलाच नाही म्हणतो. एवढं मोठं नगर, आणि याच्या रस्त्यात एक दवाखाना नाही.

खरी बातमी वेगळी आहे आणि ती तुला ठाऊक आहे. तुझी वाईनच्या द्राक्षांची दोन एकर बाग तो काढणार. छाटणीचे दिवस आलेत, बाकीच्या बागेत माणसं लागली, पण त्या दोन एकरांत कात्री गेलेली नाही. दसरा झाला की जेसीबी येईल, मांडवाच्या तारा गुंडाळायच्या आणि उसाची लागण करायची, असं ठरलंय. त्यानं तुला फोनवर विचारलं तेव्हा मी शेजारीच लसूण सोलत होते. तू म्हणालीस, काढून टाका अण्णा, माझ्या हाताला मापच नाही. जुनी चप्पल टाकून द्या म्हणावं, इतक्या सहज म्हणालीस. माझ्या हातातली पाकळी हातातच राहिली.

ती बाग लावलीस तेव्हा गावानं काय कमी चेष्टा केली? बारकी, बियांची, आंबट द्राक्षं. छगन मुकादम म्हणायचा, हिला पाखरंसुद्धा विचारत नाहीत. ती गोड व्हायच्या आतच तू माघात उतरवलीस, आणि चेष्टा दुप्पट झाली. तू मात्र माझ्या खाटेवर बसून मला सगळं समजावून सांगितलंस. आधी साधी वाईन करायची. मग ती बाटलीत भरताना तिच्यात मोजून साखर आणि यीस्ट घालायचं. यीस्ट साखर खातं, त्याचा वायू बाटलीत कोंडून राहतो, म्हणून ती फेसाळते. साखर सगळी खाऊन संपते, म्हणून गोडी उरत नाही. आणि एकाच सालाची द्राक्षं, दुसऱ्या सालाचा थेंब नाही, म्हणून बाटलीवर साल घालायचं, दोन हजार बावीस. मी म्हटलं, माणसाच्या अंगावरसुद्धा कुणी जन्मसाल लिहीत नाही. तू हसलीस. तेव्हा तू फार हसायचीस.

भरायचा दिवस वैशाखातला. विहिरीजवळच्या तळघरात गारवा म्हणून तिथे सगळं मांडलंस. सोनाराकडे असतो तसला काटा आणलास. साखर मोजताना वाऱ्यानं काटा हलेल म्हणून पंखासुद्धा बंद करायला लावलास. आम्ही सगळे घामाघूम उभे, आणि तू साखरेच्या दाण्यांकडे डोळे लावून. मग ती साखर वाईनच्या टाकीत कालवून बाटल्या भरायला घेतल्यास. जेवायच्या आधी दोन घडवंच्या भरून झाल्या, उरलेल्या जेवणानंतर. मग तीन आठवड्यांनी भर दुपारी तळघरात बार उडाला. एक फुटली की तिच्या काचेनं शेजारची. बिभीषण आत धावला, तळहाताला चार टाके पडले. त्या रागात तो सगळ्यांसमोर बोलला, की जिला चिमूटभर साखर मोजता येत नाही तिनं बापाचं रान अडवू नये. तीन दिवस वहीची पानं उलटत बसलीस, काटा पुन्हा पुन्हा तपासलास, आणि चौथ्या दिवशी बॅग घेऊन नाशिकला गेलीस. आता तिथे दुसऱ्यांच्या बाटल्यांवर लेबलं सरळ लागली का ते बघतेस.

गेल्या आठवड्यात त्या मांडवाच्या तारा ठेवायला जागा हवी म्हणून बिभीषणानं तळघर उघडलं. आतल्या अंगाला नुसता काचांचा खच. पण दाराजवळच्या दोन्ही घडवंच्या शाबूत, एकशेसाठच्या वर बाटल्या, तीन वर्षांची धूळ खात आडव्या पडलेल्या. एक त्यानं अंगणात आणली, पोतं गुंडाळलं, तोंड लांब धरून झाकण काढलं. फेस त्याच्या बाहीपर्यंत गेला. स्टीलच्या पेल्यात ओतून घोट घेतला आणि पायरीवर बसला. आणखी अर्धा पेला घेतला. मग म्हणाला, आधीच्या बरोबर जमल्या होत्या, नंतर पोरीचं लक्ष उडालं. पेला विसळायला म्हणून मी आत नेला आणि तळाचं तोंडात टाकलं. रेश्मा इथे हसतेय, तिनं बघितलं होतं. आधी चिंचेच्या कोवळ्या पाल्यासारखं आंबट, मग जिभेवर मुंग्या, आणि सगळं गिळून झाल्यावर तव्यावरच्या भाकरीच्या पापुद्र्याचा वास. गोडी नावाला नाही. आणि नको होतीच. हे मला त्या पेल्याच्या तळाशी कळलं, तीन वर्षं उशिरा.

आता रेश्माला ज्यासाठी बसवलंय ते. त्या दिवशी तुम्ही सगळे जेवायला वर गेलात आणि राखणीला मी तळघरात थांबले. टाकीतलं थोडं चाखलं, तर तोंड वेडंवाकडं झालं. वाटलं, पोर साखरेला फारच जपतेय. झाडांना हसले तेच लोक पहिल्या घोटालाही हसतील. या घरात कारखान्याची सभासदांची साखर पोत्यानं येते, पाहुण्याला अगोड काही दिलेलं मला आठवत नाही. वर कोठीतून तीन तांबे साखर आणून टाकीत ओतली आणि ताकाच्या रवीनं घुसळली. वाटलं, माझ्या नातीची लाज राखली. बाटल्या फुटल्या त्या संध्याकाळी तू म्हणालीस, कुठून तरी साखर जास्त गेली, तेव्हाच मला सगळं समजलं. पहिल्या दिवशी बिभीषणाला भ्याले, दुसऱ्या दिवशी तुला, आणि तू गेल्यावर गप्प राहायची सवयच लागली. रेश्मानं पेन थांबवलंय आणि माझ्याकडे बघतेय. लिही बाई, हेही लिही. तुझं माप बरोबर होतं, ज्ञानेश्वरी. ग्रॅमभरसुद्धा चुकलं नव्हतं. बिभीषणाला आज जेवताना रेश्मा हे वाचून दाखवेल. तो ओरडेल, त्याचं मी बघते. मीच त्याला बोलायला शिकवलंय. माफ कर असं म्हणत नाही, ते तुझं तू ठरव. त्या दोन एकरांत कात्री लावायची की जेसीबी, एवढं मात्र दसऱ्याच्या आत कळव. हवं तर पुन्हा काढून टाका म्हण, पण आता खरं काय ते माहीत असताना म्हण.

तुझीच, आणि तुझ्या रागाची धनीण,
आजी
(खाली अंगठा माझा, शाई रेश्माची.)

ता. क. राग आला असेल तर येऊ दे, पण आपल्या गावातल्या कल्याणचा टेम्पो गुरुवारी नाशिकहून परत येतो, त्याच्याबरोबर अर्धा किलो कांद्याचा चिवडा पाठव. शेंगदाणे वेचून काढ. मला दोनच दाढा उरल्यात.